मार्च थोडा अलीकडे

मी दुभाषी. दिवसाला बाराशे, जेवण त्यांचं.
दिघंचीच्या समाजमंदिरात चौदा बाया, दोन बापे,
जनावरांच्या दवाखान्यातले ऐवळे कंपाउंडर
आणि मार्गिट, कुठल्याशा थंड देशातून आलेली,
पिशवीत सहा रंगांच्या लोकरीचे गुंडे घेऊन.

सुरुवातीलाच ती एक शब्द बोलली आणि मी अडलो.
कोशात त्याला 'व्यवस्थात्मक परिवर्तन' म्हणतात.
समोर शेवंता टकले पदरानं वारा घेत बसलेली.
मी म्हणालो, "बाई विचारतायत,
औषध देऊनसुद्धा शेळ्या दर साली का मरतात?"
सगळ्या एकदम बोलायला लागल्या.
म्हणजे भाषांतर बरोबर असावं.

मग खेळ.
तू शेळी, तू चारा, तू आटपाडीचा बाजार,
तू दवाखाना, तू टँकर, तू बँकेतला साहेब.
ज्याचं ज्याच्यावाचून अडतं
त्याच्याकडे गुंडा फेकायचा, दोरा सोडायचा नाही.

केराबाई सनगर, उभा जन्म खड्डामागावर गेलेला,
दोरा अंगठ्यावर घासून म्हणाली,
"ही लोकर न्हाय. पिलास्टिक हाय. पीळच धरत न्हाय."
मार्गिटनं विचारलं, काय म्हणाल्या?
मी म्हणालो, रंग आवडला.

शेवंता शेळी झाली होती. तिच्यावर अकरा दोरे.
ती शिंकली की बँकेतल्या साहेबाचं मनगट हलायचं.
हसू, फोटो, चहा.
केराबाई मात्र हसली नाही,
कपातला चहा निवत ठेवून जाळं बघत राहिली,
उभ्यात नसंल तर आडव्यात असंल, असं पुटपुटत.
मग खुर्चीकडे बोट केलं:
"ह्या बाईच्या हातात दोरा का न्हाय?"

हे मी शब्दाला शब्द सांगितलं.
मार्गिट म्हणाली, मी फक्त बघायला आलेय.
"बघणारा काय आभाळात बसतो व्हय?"

तेव्हा ऐवळे बोलले. सकाळपासून पहिल्यांदा.
"आंत्रविषाराची लस मृगाच्या आधी टोचायची असते, मॅडम.
कोवळं गवत पोटात गेलं की उशीर झाला.
तुमचं वर्ष संपतं मार्चला, मग हिशेब, मग मंजुरी,
पैसे येतात भाद्रपदात.
तोवर मी शीतपेटीत नुसता बर्फ सांभाळतो.
चार वर्षं अहवालात 'लसीकरण शंभर टक्के'.
खोटं नाही ते.
जेवढी उरली तेवढी सगळी टोचली."

पंख्याचा आवाज आधीपासून येत होता की नाही, आठवत नाही.

मार्गिट खुर्चीवरून उठली, सतरंजीवर बसली,
लाल दोरा स्वतःच्या मनगटाला बांधला
आणि त्याचं दुसरं टोक हातात धरून
दाराकडे बघत राहिली. ते कुणाकडे फेकायचं?
तिचा साहेब, त्याचा साहेब, कुठलीशी संसद,
आणि तिकडं बर्फात कर भरणारी माणसं,
यातलं कुणीच दिघंचीला आलं नव्हतं.

तिनं विचारलं, तुम्हाला काय हवं?
माझ्या डोक्यात वाक्यं तयार होती: शेड, यंत्र, अनुदान.
शेवंता म्हणाली, "मार्च थोडा अलीकडं घ्या."
मार्गिट पुष्कळ बोलली. तीन देशांचे हिशेब,
लेखापरीक्षक, कायदा. मी घामाघूम.
केराबाईनं ऐकून घेतलं.
"चुकलं तितपत उसवायचं," म्हणाली, "रात झाली तरी."

एकोणीस महिन्यांनी आटपाडी स्टँडवर
फोनमध्ये एक पत्र आलं. चौथ्या पानावर एक ओळ:
रक्कम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात.
एका तालुक्यापुरती. प्रायोगिक.

एस.टी. सोडली, दिघंचीला गेलो.
केराबाई माग झाडत होती. पूर्ण ओळ वाचून दाखवली.
'प्रायोगिक'ला मराठीत काय म्हणतात, तिनं विचारलं.
बघूया, म्हणतात, मी म्हणालो.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मग, "त्या बाईला सांगितलंस का रं,
ती लोकर न्हवती म्हणून?"